दोन्ही हात वर

आमच्या वाडीत समुद्रातून कोणी दोन्ही हात वर केले की त्याचा अर्थ एकच: माणूस बुडतोय, धावा. यात दुसरं मत नाही. पोरं पोहायला शिकतात त्याच्या आधी हे शिकतात. पाण्यात खेळताना उगाच हात वर केले म्हणून मी स्वतः आईचा मार खाल्लाय, आणि तो मार अजून आठवतो. एक हात वर केला तर तो ‘इकडे या’ असेल, ‘बरं चाललंय’ असेल, काहीही असेल. दोन हात मात्र कोणी गंमत म्हणून वर करत नाही.

आता ही गोष्ट हरिश्चंद्र तांडेलाच्या मनस्वीला माहीत नव्हती असं नाही. पण लाटेवर उभं राहिलं की डोकं ठिकाणावर राहत नाही, असं तिचं म्हणणं. माझं म्हणणं असं की डोकं ठिकाणावर असतं तर ती फळी घेऊन आषाढातल्या समुद्रात शिरलीच नसती.

मी केरू. रत्नागिरीहून भाट्याचा पूल उतरून सुरूच्या बनाच्या पुढे आलात की आमची वाडी लागते. मंडप, खुर्च्या, स्पीकर, पडदा, प्रोजेक्टर हा माझा धंदा. बारशापासून बाराव्यापर्यंत वाडीचं कोणतंही कार्य माझ्या खुर्च्यांशिवाय होत नाही. हरिश्चंद्र माझा शेजारी आणि लंगोटीयार. तो होडीचा तांडेल, म्हणजे पाण्यावर गेल्यावर शेवटचा शब्द त्याचा. जमिनीवरही लोक बहुतेक वेळा त्याचंच ऐकतात, कारण तो बोलतोच कमी. हसत तर मुळीच नाही. त्याच्या लग्नाचा फोटो घरात लावलेला आहे, त्यात तो पंचनाम्याला बोलावल्यासारखा बसलाय.

मनस्वी त्याची एकुलती एक. शहरात रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला आहे. सकाळी लोकांचं रक्त काढते आणि संध्याकाळी बापाचं पिते, असं मी तिला चिडवायचो. तीही काही कमी नाही. म्हणायची, “केरूकाका, तुमचं काढायला सुई मोडेल.”

हे फळीचं खूळ सुरू झालं ते ओमकारच्या दुकानातून. ओमकार म्हणजे तिच्या वर्गातला, मारुती मंदिरापाशी मोबाइल दुरुस्त करतो. त्याच्याकडे एक भटका पोरगा पाण्यात पडलेला फोन घेऊन आला होता. फोन काही जगला नाही, पण जाताना तो पोरगा ओमकारला एक पेन ड्राइव्ह देऊन गेला. त्यात एक सिनेमा होता, लाटेवर फळी घेऊन उभं राहणाऱ्या पोरांचा. हे सिनेमे थेटरात लागत नाहीत, यूट्यूबवरही नसतात. एकाने काढायचा, दुसऱ्याला द्यायचा, त्याने गच्चीवर नाहीतर कुठल्यातरी भिंतीवर चार माणसं जमवून दाखवायचा आणि पुढे पाठवायचा. विकायचा नाही, जाहिरात करायची नाही.

“मंग काढतात कशाला?” मी विचारलं.

“पुढच्याला दाखवायला,” मनस्वी म्हणाली. “आणि तुमचा प्रोजेक्टर पाहिजे.”

माझ्या गोदामात, रचलेल्या खुर्च्यांच्या मधे चादर लावून आम्ही तिघांनी तो सिनेमा पाहिला. पूर्वेकडच्या कुठल्याशा किनाऱ्यावरचं कोळ्यांचं गाव होतं. पहिली कितीतरी मिनिटं काहीच घडत नाही. पोरं आपापल्या फळीवर बसून, आपल्याकडे पाठ करून, लाटेची वाट बघतायत. वाळूत एक कुत्रा झोपलाय. मग लाट येते, एक पोरगा उभा राहतो आणि पडतो. दुसरा उभा राहतो, तोही पडतो. ते पडणं कापून टाकायचं एवढीही अक्कल काढणाऱ्याला नव्हती. गाणं नाही, बोलणं नाही, नुसता माइकमध्ये वारा घुसल्याचा आवाज. मी म्हटलं, हा सिनेमा आहे की लग्नाची न कापलेली कॅसेट?

आणि मग त्यातला एक काळासा पोरगा उभा राहिला आणि पडलाच नाही. लाट त्याच्या खांद्याइतकी उंच होऊन बाजूने धावत होती. त्याने काही कसरत केली नाही. बैलाच्या पाठीवरून हात फिरवावा तशी त्याने पाण्यावरून बोटं फिरवली, बस. मी ओमकारला म्हटलं, “मागं घे.” पुन्हा पाहिलं. पुन्हा मागे घ्यायला लावलं. दुसऱ्या दिवशी मीच ओमकारच्या दुकानात गेलो आणि विचारलं, “तो कुत्र्याचा पिच्चर हाय काय अजून?”

त्यात मला काय आवडलं ते सांगतो. आम्ही समुद्रावर जातो ते काहीतरी आणायला. होडी परत आली की बायका पहिल्यांदा टोपल्यांत बघतात, मग नवऱ्याच्या तोंडाकडे. टोपली रिकामी असेल तर घरात त्या दिवशी कोणी मोठ्याने बोलत नाही. आणि ही पोरं अख्खा दिवस पाण्यात घालवून रिकाम्या हाताने परत येत होती, आणि खूश होती. समुद्रावरून रिकाम्या हाताने येऊन खूश असलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

पुढच्या वर्षभरात दोघांनी गोव्याच्या एका पोराची टाकाऊ फळी मिळवली, होडीला लावतात त्याच फायबरने तिची भोकं बुजवली आणि मनस्वी शिकली. कशी शिकली विचारू नका. इतकी पडली की आमची पोरं ती पडली की टाळ्या वाजवायची. ओमकार खडकावर बसून, जुना कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, तिचं पडणं काढत राहायचा. त्यांना आपला सिनेमा करायचा होता. आपल्या किनाऱ्याचा, आपल्या लाटेचा, आणि मग तो पेन ड्राइव्हवर घालून पुढे सोडून द्यायचा.

पण चांगली लाट आमच्याकडे येते पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात आमचा समुद्र बंद असतो. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देईपर्यंत पाण्यात होडी लोटायची नाही. सगळ्या होड्या वर ओढून झावळ्यांच्या झापांखाली झाकून ठेवलेल्या असतात. माणसं जाळी दुरुस्त करतात, पत्ते खेळतात आणि बायकांच्या शिव्या खातात. अशा दिवसांत तांडेलाची मुलगी फळी घेऊन पाण्यात शिरते म्हटल्यावर वाडीत कुजबुज होणारच. हरिश्चंद्रापाशी कोणी तो विषय काढला तर तो जाळ्यावरची मान वर न करता म्हणायचा, “फळी म्हंजे काय होडी नाय.” याच्यापुढे बोलायची कोणाची टाप नव्हती. पोरीवर जीव होता त्याचा. फक्त ते तोंडावर दिसू द्यायचं नाही, एवढीच त्याची अट.

तर आषाढातली एक दुपार. पावसाने जरा उसंत घेतली होती. हरिश्चंद्राच्या खोपीत, म्हणजे होडी आणि जाळी ठेवायच्या झोपडीत, आम्ही बसलो होतो. हरिश्चंद्र आणि म्हातारा धाकू जाळं विणत होते, धाकूचा मुलगा नितेश मोबाइलमध्ये होता, आणि मी कोणाचं काय चुकतंय ते सांगत होतो. तेवढ्यात धाकू उठून उभा राहिला. समुद्राकडे बोट केलं आणि एकच शब्द बोलला, “हात.”

लांब, फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे, मनस्वी दिसत होती. दोन्ही हात वर. मग ती दिसेनाशी झाली. मग पुन्हा वर आली आणि पुन्हा दोन्ही हात वर.

त्यानंतर कोणी काही विचारलं नाही. झाप उडवले, होडी ढकलली. इंजिन उतरवून घरात ठेवलेलं, म्हणून वल्ही घेतली. आमच्यापैकी एकानेही ‘पण नारळ?’ असं म्हटलं नाही. हरिश्चंद्र मागे सुकाणूचं वल्हं धरून उभा होता. त्याचं तोंड मी तेव्हा पाहिलं आणि मग पाहवेना म्हणून खाली बघून वल्हं मारत राहिलो. लाट अंगावर फुटत होती, नाकातोंडात पाणी जात होतं. धाकू एका हाताने वल्हं मारत दुसऱ्या हाताने डब्याने पाणी उपसत होता. माझा उजवा खांदा मधेच कटकन वाजला. एवढं करून आम्ही तिच्यापाशी पोचलो.

मनस्वी फळीवर मांडी घालून बसली होती. केस पिळत होती. आम्हाला बघून तिने आ वासला.

“पप्पा? तुम्ही कुठे निघालात?”

आम्ही वल्ह्यांवर ओणवे होऊन धापा टाकत होतो. तिच्या हळूहळू ध्यानात आलं. आयुष्यातली पहिली लांब लाट तिला मिळाली होती, आणि त्या आनंदात तिने हात वर केले होते, एकदा नाही तर दोनदा. तिचा चेहरा असा उतरला की मला ओरडायचं होतं तेही मी ओरडलो नाही.

“घराकडं चल,” हरिश्चंद्र म्हणाला.

परत येताना मागून एक मोठी लाट उठली. एवढंच मला सांगता येईल, कारण मी डोळे गच्च मिटले आणि भैरीदेवाचं नाव घेतलं. होडी उचलली गेली, आणि पुढच्या क्षणी आम्ही वाळूत होतो. होडीच्या तळाला हातभर चीर गेली होती. वाडी जमलीच होती. हरिश्चंद्र उतरला, लेकीची फळी काखेत मारली, खोपीत नेऊन जाळ्यांच्या ढिगाखाली टाकली आणि सगळ्यांच्या देखत बोलला:

“ही फळी परत पान्यात गेली तर मी तांडेल नाय.”

आता झाली का पंचाईत? तांडेलाने चारचौघांत शब्द टाकला म्हणजे तो दगडावरचा. त्याला स्वतःलाही तो उचलता येत नाही.

त्या दिवसापासून बाप-लेकीचं बोलणं बंद. एका ताटलीवरून दुसऱ्या ताटलीवर जे काही जायचं ते मनस्वीच्या आईमार्फत, म्हणजे सोनूबाईवहिनींमार्फत. “तिला इचार, आमटी वाडू काय.” ती समोरच बसलेली. मनस्वीने धाकूची माफी मागितली, नितेशची मागितली, माझ्या खांद्याला रोज तेल चोळून दिलं. मी तिला तोंडभर बोललो, “तुजा आनंद आनी माजा खांदा,” वगैरे. ती ऐकून घ्यायची. पूर्वीची मनस्वी असती तर एकाला दोन सुनावल्या असत्या. ती गप्प राहायची याचाच मला जास्त राग यायचा.

मग एक दिवस वहिनी माझ्या गोदामाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. “भावोजी, पोरगी मुंबैला जातेय. मावशीकडं. तिकडं लॅबमधी जागा हाय म्हनते.”

“तिला मुंबै कवा आवडली?”

“आवडत नायच. पन म्हनते, हितं राहून दर्याकडं पाठ करून जगाय जमायचा नाय.” वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. “आनी ह्ये बसल्यात मुकाट. दोगंबी तसलीच.”

आमच्या वाडीतून मुंबईला जाणं ही काही बातमी नव्हे. अर्धी वाडी तिकडेच आहे. पण ती पोटासाठी गेली. ही जाणार होती कारण घरापुढचा समुद्र तिला दिसत राहिला असता आणि त्यात शिरता आलं नसतं. मला हे अजिबात पटलं नाही. पण हरिश्चंद्राला जाऊन सांगायची हिंमतही झाली नाही.

नारळी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी मनस्वी आणि ओमकार गोदामात आले. पौर्णिमेला संध्याकाळी देवळापुढे कार्यक्रम असतो: पोरांचे नाच, बक्षिसं, भाषणं. मंडप माझा, पडदा माझा.

“काका, सिनेमा झालाय,” मनस्वी म्हणाली. “जायच्या आधी एकदा इथे दाखवायचा आहे. आमच्यात रीतच आहे, जिथली लाट तिथल्या माणसांना पहिल्यांदा.”

“तुज्या बापाने मला दर्यात बुडवायचा तेवडा रायलाय.”

ओमकारने मुकाट्याने लॅपटॉप उघडला. मी पाहिलं. पडणं होतं, वाट बघणं होतं, भरतीच्या वेळी वाळूतून पळणारे खेकडे होते, आमच्या बायका सुकट वाळत घालताना होत्या. मधेच मी होतो, कोणालातरी बोटं नाचवून काही शिकवत असलेला. आवाज नव्हता म्हणून बरं. बघता बघता शेवटाकडे आलं आणि ओमकारने खटकन लॅपटॉप मिटला.

“शेवट?”

“शेवट अजून ठरत नाही,” ओमकार म्हणाला. त्याने मनस्वीकडे पाहिलं, तिने जमिनीकडे.

“म्हंजे?”

“एक भाग आहे,” मनस्वी म्हणाली, “तो ठेवला तर पप्पा दुखावतील कदाचित. आणि नाही ठेवला तर सिनेमा खोटा होईल.”

मी आणखी खोदून विचारलं नाही. कार्यक्रमपत्रिकेत पोरांच्या नाचानंतर आणि बक्षिसांच्या आधी मी लिहून टाकलं: ‘समुद्राविषयी माहितीपट’. माहितीपट म्हटलं की मोठी माणसं हरकत घेत नाहीत. त्यांना वाटतं, झोप तरी होईल.

पौर्णिमेच्या सकाळी वाडी वाजतगाजत किनाऱ्यावर गेली. दरवर्षी नारळ हरिश्चंद्राच्या हातात असतो. या वर्षी तो मागे राहिला. “नारळाच्या आदी मी होडी लोटली. माजा हात नको,” म्हणाला. कोणी समजूत घातली, कोणी हात धरला, पण हा पठ्ठ्या ढिम्म. शेवटी धाकूने नारळ सोडला. हरिश्चंद्र सुरूच्या झाडाला टेकून लांबून बघत होता, आणि दुसऱ्या टोकाला बायकांच्या मागे मनस्वी उभी होती. दोघांची उभं राहायची तऱ्हा अगदी एक. मला त्या दोघांचीही कानशिलं लाल करावीशी वाटली.

संध्याकाळी पाऊस थांबला, मंडप भरला. पोरं नाचली. मग मी दिवे घालवले आणि ओमकारने सिनेमा लावला.

आधी नेहमीचीच गडबड होती. ‘तो बग माजा बकरा’, ‘ती बग सोनूची सुकट’. मनस्वी पडली की पोरांच्या टाळ्या. पण पुढे पुढे टाळ्या थांबल्या. ती पडत होती आणि पुन्हा जात होती, पडत होती आणि पुन्हा जात होती, आणि मंडपातल्या बायका ती पडली की ‘अगो बाय’ म्हणायला लागल्या. म्हातारे लाटेवर बोलायला लागले. “आता येल बग, ही जाऊ दे, मागची धर.” पडद्यावरच्या मनस्वीने खरंच ती जाऊ दिली आणि मागची धरली.

ती मोठी लाट. सबंध पडदा हिरवा झाला. मनस्वी उभी राहिली, गुडघे वाकवले, आणि लाट तिला घेऊन निघाली, निघाली, थांबेचना. आणि तिने दोन्ही हात वर केले.

मंडपात सगळ्यांनी एकदम श्वास घेतला. एक म्हातारी तर उठून उभीच राहिली. सवयच तशी. पण किनाऱ्यावरून आम्हाला दिसले होते ते फक्त हात. ओमकारच्या खडकावरून तिचं तोंड दिसत होतं. एवढा आनंद मी कोणाच्या तोंडावर पाहिला नव्हता, बारा वर्षांनी पाळणा हललेल्या घरातही नाही. म्हातारी हळूच खाली बसली.

मग पडद्यावर आमची होडी आली.

कोणी हसलं नाही. आवाज नव्हता, नुसता वारा. चार माणसं फुटणाऱ्या लाटांत होडी घालत होती. होडीचं नाक आकाशाकडे जात होतं आणि धाडकन आपटत होतं. एवढं भयानक होतं ते? मला तेव्हा कळलं नव्हतं. माझ्या बायकोने अंधारात माझा हात धरला, आणि दुखऱ्या खांद्याचाच धरला, पण मी बोललो नाही. होडी मनस्वीपाशी पोचली, थांबली, वळली.

आणि मागून ती लाट उठली, जिच्यात मी डोळे मिटले होते. धाकू खाली वाकून पाणी उपसत होता, नितेश होडीच्या कडेला पालथा पडून ओकत होता. म्हणजे हरिश्चंद्राकडे बघणारं कोणी नव्हतंच, एक कॅमेरा सोडून. लाटेने होडी उचलली. तिच्याच बाजूला, त्याच लाटेवर, मनस्वी फळीवर पोटावर झोपलेली. हरिश्चंद्र मागे ताठ उभा, एक हात सुकाणूच्या वल्ह्यावर. होडी पाण्यावरून घसरत सुटली. त्याने मान वळवली, लेकीकडे पाहिलं. त्याचा दुसरा हात वर गेला. आणि तो हसला. सगळे दात दिसतील असा, लहान पोरासारखा. लाट संपेपर्यंत तो हसत होता. एकाच लाटेवर बाप-लेक असे किनाऱ्यापर्यंत आले आणि पडदा काळा झाला.

मी दिवे लावले. हरिश्चंद्र पहिल्या रांगेत होता. तो उठला आणि पडद्याकडे चालायला लागला. मी लगबगीने पुढे होऊन पडद्याच्या आडवा उभा राहिलो, कारण पडदा माझा आहे. मनस्वी देवळाच्या भिंतीला चिकटली होती, तिच्या तोंडावर रक्त नव्हतं.

“मागं घे,” हरिश्चंद्र म्हणाला.

“काय?”

“तेवडाच. मागं घे. परत लाव.”

ओमकारने मागे घेतलं. मी दिवे घालवले. हरिश्चंद्राने उभ्या उभ्या स्वतःला हसताना पाहिलं. मागून सोनूबाईवहिनींचा आवाज आला, ओला आणि ठसकेदार, “लग्नात येवडं हसला असतात तर फोटो तरी बरा आला असता!” मग मात्र सगळा मंडप हसला.

हसणं ओसरल्यावर तो वाडीकडे वळला. भाषण करायची त्याला सवय नाही. मुठी वळून उभा होता.

“मला वाटला, पोरगी गेली,” तो म्हणाला. “जाताना येवडाच वाटत होता. येताना ती बाजूला होती. जिती. म्हनून हसलो असंन. मला ठावक नाय, मी हसलो त्ये. वाळूवर उतरलो तवा पाय लटलट कापाय लागले. त्या भ्याच्यापायी बोललो मी. तांडेल नाय बोलला, भ्यालेला बाप बोलला.” तो थांबला. “तो शब्द मी मागं घेतो. सगळ्यांच्या देखत टाकला होता, सगळ्यांच्या देखत घेतो. आता तांडेल ठेवायचा का नाय, त्ये तुमी ठरवा.”

धाकू बसल्या जागेवरून खेकसला, “ठरवायचा काय त्यात? बुडत्या पोरीसाटी होडी लोटली त्याचा दर्याला कसला राग? फुडल्या सालचा नारळ तूच सोडायचास. मला तो लांब फेकाय जमत नाय.”

मनस्वी भिंतीपासून निघाली ती थेट बापापाशी आली. इतक्या दिवसांत दोघांची बोलायची सवय मोडली होती. शेवटी हरिश्चंद्रच म्हणाला, “फळी खोपीत हाय. पन एक आयक. हात एकच वर करायचा. दोन नाय. एकच.”

“एकच, पप्पा,” ती म्हणाली, आणि मग तिला रडू कोसळलं. त्याने तिचं डोकं छातीशी धरलं आणि आमच्याकडे असं रागाने पाहिलं की आम्ही सगळे बक्षीस समारंभाकडे वळलो.

मावशीला दुसऱ्या दिवशी फोन गेला. सिनेमा पेन ड्राइव्हवर घालून ओमकारने मुरुडकडे निघालेल्या दोन पोरांच्या हातात दिला. तिथून तो कुठे जाईल ते त्यालाही माहीत नाही. कुठल्यातरी किनाऱ्यावर, कुठल्यातरी भिंतीवर हरिश्चंद्र हसत असेल आणि बघणाऱ्यांना वाटत असेल, काय हसरा माणूस आहे!

श्रावण सरत आला त्या सुमाराची एक सकाळ. होड्या पाण्यात उतरल्या होत्या. धाकू जरा लांब आपल्या होडीचा दोर सोडवत होता. मनस्वी बाहेर लाटांच्या मागे बसली होती, ओमकार खडकावर. हरिश्चंद्र माझ्यापाशी उभा राहून बघत होता. मग दोन पावलं पुढे गेला, नीट दिसत नाही म्हणाला. मग आणखी पुढे. बघता बघता कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभा राहिला.

लाट आली. मनस्वीने धरली, उभी राहिली, आणि लाट तिला आमच्या दिशेने घेऊन यायला लागली. ती आली, आली, आणि सांगितल्याप्रमाणे तिने एक हात वर केला. अगदी शिस्तीत, एकच.

मी टाळ्या वाजवणार तेवढ्यात बाजूने काहीतरी धपाधप धावत गेलं. धाकू होता. काखेत दोर, हातात वल्हं, धोतर सुटायच्या बेतात, आणि नितेशच्या नावाने बोंबलत तो पाण्यात शिरला.

“कोन बुडतंय? कोन बुडतंय?”

तेव्हा मी पाहिलं. कमरेइतक्या पाण्यात हरिश्चंद्र तांडेल उभा होता. दोन्ही हात वर.

“कोन नाय,” तो म्हणाला. धाकू शिव्या देत समोर येऊन उभा राहिला तरी त्याने हात खाली घेतले नाहीत.